इंदूबाईंचा बैल घेऊन शिकागो ते शुगर लँड

नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यासाठी वाचायला बसलेल्यांनी खुशाल पान उलटावं. अमेरिकेत मी तीन आठवडे होते आणि त्यातला बराच काळ अनोळखी माणसांना एकच विनोद सांगत हिंडले. विनोद माझा नाही, इंदूबाईंचा. त्यांचं पुस्तक त्या विनोदापाशी अडलं होतं.

इंदूबाई झाडीपट्टीतल्या नटी. झाडीपट्टी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागतं याचाच मला राग येतो, पण सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात धान घरात आलं की गावोगाव मांडव पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बघतात. या रंगभूमीवर इंदूबाईंनी उभी हयात लोकांना हसवलं. विनोदी नट म्हणजे पुरुषच, हा समज त्यांनी एकटीनं मोडला. आपल्या नाट्येतिहासात झाडीपट्टीला तळटीप मिळते, इंदूबाईंना तीही नाही. कॉलेजात असल्यापासून मी यावर पत्रकं काढते आणि नागपूरच्या सभागृहांच्या दारात उभी राहून वाटते. तेव्हा त्यांचं चरित्रही मीच लिहिणार होते, आणि पत्रक लिहितात तसंच लिहिलं. कुणी हिणवलं, कुणी डावललं, कुठे काय सोसावं लागलं. एकालाही सोडलं नाही.

वडशाला त्यांच्या घरी जाऊन पहिली प्रकरणं वाचून दाखवली. इंदूबाईंनी सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकलं.

"ही कोन बाई होय वं?"

"तुम्हीच की."

"हे मी नाही. ही कोनी बिचारी हाय. माहा बैल कोठी गेला?"

बैल माझ्या लिखाणात अर्ध्या वाक्यात होता. मी पान काढून दाखवलं. त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाल्या, सीझन सुरू व्हायच्या आत नीट करून आण, मग छापायला हो म्हणते. "नाही तं मी मेल्यावर काढ. तवा नाही म्हणायले मी राहीन का?"

मी चिडले. ज्यांच्यासाठी आपण भांडतोय त्यांनीच असं म्हणावं! पण त्यांच्या होकाराशिवाय एक ओळ छापायची नाही, हे मीच इतरांच्या बाबतीत पत्रकात छापलेलं. तेवढ्यात शिकागोच्या एका कॉलेजनं लोकरंगभूमीच्या चर्चासत्राला बोलावलं. तिकीट त्यांचं. चर्चासत्र दोन दिवसांचं, मी परतीचं तिकीट लांबचं घेतलं. विनोदी नटांची चरित्रं लिहिणारी माणसं तिकडे आहेत असं ऐकलं होतं. त्यांना गाठायचं, आणि माझं बरोबर आहे हे त्यांच्या तोंडून वदवून घेऊन यायचं, असा माझा बेत होता.

शिकागो

डेव्हन ॲव्हेन्यूजवळ निखिलच्या खोलीवर उतरले. निखिल माझा नागपूरचा वर्गमित्र, इथे संशोधन करतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही डेव्हनवर डोसा खाल्ला. मी तिथल्या साडीच्या दुकानातल्या मराठी पाटीतली चूक मालकाला दाखवत होते, तेव्हा निखिल म्हणाला, "यार, निदान जेटलॅग जाईपर्यंत तरी थांब."

चर्चासत्रात मला वॉल्टर भेटले. साठीपुढचे, अवाढव्य, कोपरांवर विरलेला स्वेटर. रात्रीच्या क्लबांमध्ये विनोद सांगणाऱ्या, आता कुणाला आठवत नसलेल्या नटांची चरित्रं ते लिहितात. मी त्यांना सरळ विचारलं, नटावर अन्याय झाला असेल तर तो चरित्रात पहिल्या पानावर हवा की नको? ते म्हणाले, "उद्या नाश्त्याला ये. तो विनोद घेऊन ये."

नाश्त्याची जागा म्हणजे लाल रेक्झिनचे बाक असलेलं जुनं हॉटेल. अंडी, बटाट्याचा कीस, आणि कॉफी संपूच न देणारी वाढपी बाई. वॉल्टर मला म्हणाले, "मला नको, तिला सांग." मग कळलं की हीच त्यांची काम करायची पद्धत. नटाचा विनोद ते आधी वाढपी बाईला, न्हाव्याला, शेजाऱ्याला सांगतात. हसू आलं तरच त्यावर लिहितात.

मी सांगितलं. नाटक मंडळी एका गावात गेली. पुरुष नटांची पंगत नाटक बोलावणाऱ्या गावमंडळाच्या अध्यक्षांच्या ओसरीवर, नट्यांची पानं मागे गोठ्यात, बैलांशेजारी. नाटकातल्या बाया घरात कशा घ्यायच्या! इंदूबाई जेवल्या, बोलल्या काहीच नाहीत. रात्रीच्या नाटकात त्या विहीणबाई होत्या आणि लग्नाच्या पंगतीचा प्रवेश होता. पाटावर बसल्या आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर बैल बसलाय असं धरून त्याला आग्रह करू लागल्या. 'घ्या ना भाऊजी, लाजता काहून? घर तुमचंच हाय. मीच पाव्हणी.' नाटकात यातलं अक्षर नव्हतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी नट्यांची पानं ओसरीवर मांडली गेली.

वाढपी बाईनं कॉफीचं भांडं छातीशी धरलं. "अगं बाई गं, गुरांमध्ये जेवायला बसवलं? किती वाईट!"

मी विजयी मुद्रेनं वॉल्टरकडे पाहिलं. "बघा. कळलं तिला."

"तिला वाईट वाटलं," ते म्हणाले. "ही बाई माझ्या फालतू विनोदांनाही हसते. हसली नाही, म्हणजे तू काहीतरी सांगायचं बाकी ठेवलंस."

"काय ठेवलं?"

"मला काय माहीत? बैलाला जेवायला वाढण्यात गंमत काय, हे मलाही कळलेलं नाही." त्यांनी टोस्टवर लोणी फासलं. "परक्या माणसाला हसू येण्याआधी जेवढं सांगावं लागतं, तेवढं चरित्र. उरलेलं लेखकाचं मत."

उरलेलं म्हणजे माझी दोनशे पानं. मी अंडी अर्धी टाकून उठणार होते. पण बाहेर वारा असा होता की उठून जाण्यात मानही राहिला नसता. बसले.

त्याच संध्याकाळी ते मला शेजाऱ्यांच्या घरी गाण्याला घेऊन गेले. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, ज्यानं त्यानं आपापल्या घरून काहीतरी रांधून आणलेलं. मी डेव्हनवरून काजूकतली नेली. गाणारे दोघे कॅनडाचे, विनिपेगहून आपली व्हॅन चालवत आलेले. क्लेअर गाते आणि गिटार वाजवते, थिओ व्हायोलिन वाजवतो. दोघेही माझ्याच वयाचे असावेत.

तिसऱ्या गाण्यात थिओनं एक सूर इतका उशिरा सोडला की माझ्या तोंडून मोठ्यांदा "क्या बात है!" निघालं.

सगळी खोली वळून माझ्याकडे पाहू लागली. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, पाणी हवंय का? त्या खोलीत गाणं चालू असताना कुणी खोकतही नव्हतं. आपल्याकडे बैठकीत इतकी शांतता असती तर गवयाला वाटलं असतं आपलं आज बरं लागत नाहीये. मी ओशाळले, पण थिओनं हसून तोच तुकडा पुन्हा वाजवला, या वेळी थेट माझ्याकडे बघून.

मध्यंतरात क्लेअर शोधत आली. "ओरडलीस ती तूच ना? अजून ओरड."

त्यांना टेक्सासला जायचं होतं, मला शुगर लँडला मावशीकडे. मावशी ह्यूस्टनजवळच्या या उपनगरात पंचवीसेक वर्षं राहते आणि तिच्या ओळखीच्या मराठी मंडळाची दिवाळी त्याच आठवड्यात होती. मी तिथूनच तिला फोन लावला. पाच मिनिटांत कॅनडाचे पाहुणे दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि मी त्यांच्या व्हॅनमध्ये.

वाटेत

स्वतंत्र कलावंत हा शब्द मी पत्रकात शेकडो वेळा छापला आहे. तो कसा दिसतो ते या व्हॅनमध्ये पाहिलं. त्यांच्यामागे कंपनी नाही, व्यवस्थापक नाही. कार्यक्रम ठरवायचे, गाडी चालवायची, स्पीकर उचलायचे, गाणी इंटरनेटवर चढवायची, सगळं दोघांनीच. सरहद्द ओलांडून अमेरिकेत वाजवायला महिनोन्‌महिने आधी कागदपत्रं करावी लागतात. ती असूनही एका अधिकाऱ्यानं थिओला नाक्यावरच पेटी उघडून वाजवून दाखवायला लावलं होतं.

"मग?" मी तापून विचारलं.

"वाजवलं. मागच्या रांगेतल्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून दाद दिली. त्या दौऱ्यातला सगळ्यात बरा श्रोता."

क्लेअर हसायला लागली. मी नाही. अशा गोष्टीवर पत्रक निघायला हवं, असं मी म्हटलं. क्लेअर म्हणाली, "काढ ना. पण ट्रकवाला गाळू नकोस."

त्यांचा एक नियम मात्र मला मनापासून पटला. लोकांना जेवण वाढत असताना ते वाजवत नाहीत. "पंखा चालू असतो ना, तसे आपण चालू राहतो," क्लेअर म्हणाली. पहिल्या वर्षी तसं खूप वाजवलं, आता कुणी कितीही म्हणो, नाही. मी मावशीला लगेच तसा निरोप दिला. मावशी म्हणाली, "हो हो, सांगते अध्यक्षांना." त्या 'हो हो'वर मी विश्वास ठेवला.

सेंट लुईसला वॉल्टरच्या ओळखीनं डेनिसकडे मुक्काम केला. डेनिसबाईंनी एका विनोदी नटीचं चरित्र लिहिलं आहे, आणि त्या मला वॉल्टरपेक्षा शंभर पटीनं आवडल्या, कारण त्या माझ्याइतक्याच भांडखोर आहेत. अंगणात पानं गोळा करता करता बोलत होत्या. त्यांच्या नटीच्या घरच्यांना पुस्तकात तिचा राग नको होता. सगळ्यांशी गोड वागायची, असं लिहा म्हणाले.

"मी म्हटलं, ती बाई चिडली नसती तर तिनं एकही विनोद केला नसता. राग ठेवला. एक शब्द कमी केला नाही."

"बघा!" मी दंताळं हातात घेऊन उभी राहिले. "हेच मी म्हणतेय."

"थांब. ठेवला तो तिच्या तोंडात. माझ्या तोंडात नाही. तुझ्या पुस्तकात कोण चिडलंय?"

मी पानं ओढत राहिले. माझ्या पुस्तकात चिडलेली एकच बाई होती आणि ती इंदूबाई नव्हती.

आर्कान्सामधून जाताना दोन्ही बाजूंनी झाडीच झाडी. मध्येच भातशेती लागली तेव्हा मला घरची आठवण झाली, मग लक्षात आलं की इथे मैलोन्‌मैल बांधावर एकही माणूस नाही. मी बैल पुन्हा सांगितला. दोघांनी नीट ऐकला.

"ती बैलाला पुन्हा पुन्हा का विचारते?" थिओनं विचारलं. "तो नको म्हणत असेल तर?"

"नको म्हणाला तरी वाढायचं."

"नको म्हटल्यावर?"

"म्हणूनच वाढायचं! पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो."

दोघांना हसू का आलं नाही ते आत्ता माझ्या लक्षात आलं. आमंत्रण, मान, पंगतीत कुणाला आधी वाढायचं, विहिणीचा रुसवा, आग्रह केला नाही तर होणारा अपमान, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. आपल्या लोकांना ते माहीतच असतं, आणि अन्यायापुढे ते क्षुल्लक वाटतं. पण त्याशिवाय बैल हा नुसता बैल राहतो.

शुगर लँड

ऑक्टोबर संपत आला तरी शुगर लँडमध्ये उकडत होतं. मावशीच्या दारात क्लेअर आणि थिओनं न सांगता बूट काढले. मावशी विरघळली. "अगं, अमेरिकन तर सोफ्यापर्यंत बूट आणतात! हे कुठले म्हणालीस?" कॅनडात घरात शिरताना बूट काढतातच, असं क्लेअरनं सांगितलं. तेव्हापासून मावशीच्या लेखी कॅनडा म्हणजे साधारण पुण्याच्या पलीकडे कुठेतरी.

दुपारी पुरणपोळी. थिओनं दोन खाल्ल्या आणि हात उंचावून म्हणाला, "नो, थँक यू." तिसरी पानात पडली. त्यानं पोटावर हात ठेवला. "हाफ, हाफ ओन्ली," म्हणत मावशीनं अख्खी चौथी सरकवली. क्लेअरनं पानावर आडवे हात धरले तर मावशीनं बोटांच्या फटीतून तूप सोडलं. "लाजायचं नाही. आपलंच घर आहे," मावशी मराठीतच म्हणाली. थिओ हळूहळू माझ्याकडे वळला. डोळे विस्फारलेले.

"बैल," तो म्हणाला. "मी तो बैल आहे."

आणि मग त्याला जे हसू फुटलं ते थांबेना. पाणी प्यायला गेला तर ठसका लागला. क्लेअरनं डोकं टेबलावर टेकवलं. मावशीला वाटलं पोळीत काहीतरी बिघडलं. मी मात्र तिथेच ताठ बसले होते. तीन राज्यांमध्ये जे जमलं नाही ते मावशीच्या तुपानं केलं होतं, आणि आता काय लिहायचं ते मला कळलं होतं.

मंडळाची दिवाळी एका शाळेच्या हॉलमध्ये. दीपप्रज्वलन झालं. प्रायोजकांचे सत्कार झाले. घरं विकणारे एक काका व्याजाच्या दरांवर बोलले. मुलांचे नाच झाले, ते चालू असताना आईबाप मोबाइल धरून मध्येच उभे. वेळ कधीच उलटून गेली. मागच्या बाजूला फॉइलच्या ट्रेमध्ये श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, आणि लोकांच्या माना तिकडे. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "मंडळी, जेवण सुरू करूया, आणि सोबत आपले कॅनेडियन मित्र सुंदर म्युझिक सादर करतील." थिओचा माइक कुणीतरी उचलून श्रीखंडाच्या टेबलाशेजारी नेऊनही ठेवला होता.

मी अध्यक्षांना गाठलं. "काका, तुम्हाला निरोप मिळाला होता ना? जेवताना ते वाजवत नाहीत."

"अगं, लोकांना भूक लागलीये. मुलं क्रँकी झालीत. आणि यात वाईट काय आहे? आपल्याकडे पंगतीला सनई नसते का? मानाचीच गोष्ट आहे."

ते मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. त्यामुळे राग कमी होत नव्हता, फक्त कुठे फेकायचा ते कळत नव्हतं. "सत्काराला पाऊण तास होता आणि गाण्याला नाही? कलावंत बोलावता की पंखे?"

"इथे लेक्चर नको हं, प्लीज," काका म्हणाले. "रांग बघ केवढी झालीये."

क्लेअरनं गिटार पेटीत ठेवायला सुरुवात केली होती. भांडण नाही, तमाशा नाही. नुसती पेटी बंद करणं. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. मी माइक हातात घेतला आणि पहिलं वाक्य तोंडाशी आलं. मग मी ते गिळलं. ते माझं मत होतं.

टेबलावरची एक थाळी उचलली आणि स्टेजवर मांडी घालून बसले. मराठीत आणि इंग्रजीत मिळून, थिओला लागेल तेवढंच सांगितलं. कुणाची पंगत कुठे, कुणाचं पान कुठे, खुर्चीवर कोण. मग विहीणबाईंचा पदर खोचला आणि शेजारच्या बैलाला वाढायला घेतलं. 'घ्या ना भाऊजी, लाजता काहून?' बैलाला नको होतं. मी पुन्हा वाढलं. त्यानं तोंड फिरवलं, मी वळसा घालून दुसऱ्या बाजूनं गेले. पहिल्यांदा थिओ हसला, मग मावशी, मग रांगेतल्या काकू ज्यांच्या हातात आत्ता डाव होता. मराठी न कळणारी पोरंही हसली, कारण घरोघरी त्यांच्या पानात हेच चालत आलं होतं. 'घर तुमचंच हाय,' मी बैलाला म्हटलं. 'मीच पाव्हणी.'

अध्यक्ष काका सगळ्यात मोठ्यानं हसत होते. हसता हसता त्यांची नजर श्रीखंडाच्या टेबलाकडे गेली, जिथे क्लेअर दोन ट्रेच्या मध्ये गिटारची पेटी धरून उभी होती. त्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

"झाका रे ते श्रीखंड," ते म्हणाले. "माइक पुढे घ्या. बसा सगळे, बसा." आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले.

लोक कुरकुरत बसले. पाच मिनिटांनी कुरकुर थांबली. थिओनं तो उशिरा सुटणारा सूर सोडला तेव्हा मागून एक आजोबा "वाहवा!" म्हणाले, आणि मग इतके जण म्हणू लागले की क्लेअरला कडवं थांबवून हसावं लागलं.

पुढचे चार दिवस मी मावशीच्या डायनिंग टेबलावर लिहीत होते. आधी पंगत लिहिली, मान लिहिला, आग्रह लिहिला, मग गोठा. गोठा पूर्वीपेक्षा लहान झाला. त्या गावाचं आणि तिथल्या अध्यक्षांचं नाव ठेवू की काढू, यावर मी अडले. नाव काढणं मला पटत नव्हतं. पण ते माझ्या रागापोटी ठेवलेलं असेल तर इंदूबाई पुन्हा नाही म्हणतील.

रविवारी सकाळी वडशाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. इंदूबाईंनी फोन स्पीकरवर ठेवून शेजारच्या बायकांना बोलावलेलं होतं. मी वाचत गेले. पंगतीला कुणी हसलं नाही. गोठ्याला कुणीतरी च्‌ च्‌ केलं. बैलापाशी आले, दुसऱ्यांदा वाढलं, आणि फोनमधून एकदम बायकांच्या हसण्याचा लोट आला. मला वाचता येईना.

"थांबू नको वं!" इंदूबाई ओरडल्या. "तिसऱ्यांदा वाढतानी जरासं दम खाजो. त्याले वाटू दे, सुटलो."

मी पुन्हा वाचलं, दम खाऊन. मग विचारलं, नाव ठेवू का?

"ठेवजो. मोठ्या अक्षरात ठेवजो. तवा गाव हसलं होतं, आता नागपूरबी हसू दे त्याले." थोडा वेळ सुपारीचा आवाज. "हां. हे मी आहो. पुढचं वाच."

पुढचं अजून नव्यानं लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मंग फोन काहून केला?" म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

मावशी नाश्त्याची भांडी मांडायला आली होती. मी ती एका बाजूला सारली आणि दुसरं प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.